रिफंड द्या नाहीतर वन स्टार टाकते! – वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

प्रश्न : ताई, मी घरूनच कॅनव्हासच्या बॅगा शिवून ऑनलाइन विकते. एका कस्टमरनं लॅपटॉपची बॅग तिच्या मापानं करून घेतली, मिळाल्यावर "मस्त झालीय" असा मेसेजपण केला. महिना उलटून गेला आणि आता म्हणते पट्ट्याची शिवण उसवलीय, पूर्ण पैसे परत द्या, आणि बॅग परत पाठवणार नाही ती वेगळीच. मी म्हटलं दुरुस्त करून देते, तर एकदम भडकलीच, "आज रात्रीपर्यंत पैसे आले नाहीत तर गूगलवर वन स्टार टाकते आणि सगळ्या ग्रुपवर फोटो फिरवते, मग बघते धंदा कसा चालतो." मिस्टर म्हणतात देऊन टाक, कटकट मिटव. बहीण म्हणते एक पैसा देऊ नकोस, सवय लागेल. माझं तर डोकंच चालेना झालंय. – बॅगवाली

उत्तर : आधी एक गोष्ट, "आज रात्रीपर्यंत" ही वेळ तिनं ठरवलीय, तुम्ही नाही. त्यामुळे रात्री अकरा वाजता घाबरून पैसे ट्रान्सफर करायचे नाहीत आणि रागारागात चार ओळी टाइप करूनही पाठवायच्या नाहीत. फक्त एवढं लिहा, "तुमचा मेसेज मिळाला, फोटो बघून उद्या संध्याकाळपर्यंत नक्की सांगते", आणि मग उद्या खरंच सांगा. बऱ्याच जणी इथेच चुकतात, दोन दिवस मेसेज बघूनसुद्धा उत्तर देत नाहीत, आणि समोरच्याला वाटतं ही आता पळ काढतेय.

आता बघा, तिच्या मेसेजमध्ये दोन गोष्टी एकत्र आल्यात. एक तक्रार आहे, शिवण उसवली. दुसरी धमकी आहे, रिव्ह्यू टाकते. तुम्हाला उत्तर द्यायचंय ते फक्त तक्रारीला. धमकी जणू आलीच नाही असं समजा आणि स्वतःला विचारा की हाच फोटो एखाद्या गोड बोलणाऱ्या कस्टमरनं पाठवला असता तर मी काय दिलं असतं? जे दिलं असतं तेच हिला द्या. जास्त नाही, आणि कमी पण नाही. हे कमीचं मुद्दाम सांगतेय, कारण उद्धट बोलली म्हणून हक्काचं सुद्धा नाकारायचा मोह होतो, तुमच्या बहिणीचा सल्ला तिकडेच जातोय.

मग तक्रार खरी आहे का ते बघू. तिच्याकडून उजेडात काढलेले फोटो मागवा, पट्ट्याची दोन्ही टोकं जवळून, आणि आतली बाजू पण. नुसता दुरून काढलेला बॅगेचा फोटो काही सांगत नाही. दोरा सुटून आलाय पण कापडावरची सुईची भोकं जशीच्या तशी गोल आहेत, तर टीप कमी पडली, शेवटाला रिव्हर्स टीप मारायची राहिली असेल किंवा दोरा कच्चा निघाला असेल. ते तुमच्या बाजूचं. पण भोकांभोवती कापडच ताणून फाटलंय, धागे बाहेर आलेत, तर त्या पट्ट्यावर झेपेल त्यापेक्षा वजन टाकलं गेलंय असं धरायला जागा आहे. अर्थात बॅग लॅपटॉपची म्हणून विकली असेल तर लॅपटॉप आणि चार्जरचं वजन तिनं पेलायलाच हवं, तिथे कारण चालणार नाही. तुम्ही हे काम रोज करता, तुम्हाला फोटो बघून दोन मिनिटांत कळेल, आणि जे कळेल ते स्वतःशी तरी प्रामाणिकपणे मान्य करा.

समजा शिवण तुमचीच कच्ची निघाली. मग दोन पर्याय द्या, दुरुस्ती, येण्याजाण्याचा कुरिअर तुमच्याकडून, किंवा बॅग परत आणि पैसे परत. वस्तू पण ठेवायची आणि सगळे पैसे पण घ्यायचे, असं तिसरं काही नाही. काही वेळा वस्तू इतकी स्वस्त असते की परत मागवण्याचा खर्चच जास्त पडतो, तिथे विक्रेते स्वतःहून "असू द्या तुमच्याकडेच" म्हणतात, पण तो तुमचा निर्णय असायला हवा, तिची अट नाही.

मेसेज साधारण असा लिहा, तुमच्या भाषेत बदलून घ्या :

"नमस्कार. फोटो बघितले, डावीकडच्या पट्ट्याची टीप सुटलीय, हे व्हायला नको होतं, सॉरी. मी दोन गोष्टी करू शकते. बॅग माझ्याकडे पाठवा, कुरिअर मी बुक करते, पट्टा डबल टीप मारून आठ दिवसांत परत पाठवते. किंवा बॅग परत द्या, मिळाली की तीन दिवसांत पूर्ण पैसे तुम्ही ज्या मार्गानं दिलेत त्याच मार्गानं परत येतील. यातलं काय करायचं ते रविवारपर्यंत कळवा म्हणजे लगेच कुरिअर लावते."

यात काय नाहीये ते बघा. रिव्ह्यूचा र सुद्धा नाही. "प्लीज असं लिहू नका", "माझं घर यावर चालतं", "तुम्हीच तर मस्त म्हणाला होतात ना", काही नाही. आणि चुकूनही "पैसे देते पण रिव्ह्यू टाकणार नाही असं लिहून द्या" म्हणू नका. ते नियमात बसत नाही. निगेटिव्ह रिव्ह्यू काढायच्या किंवा बदलायच्या बदल्यात सूट किंवा फुकट वस्तू देणं गूगलला चालत नाही, आणि रिफंडचं आमिष दाखवून रिव्ह्यू बदलायला लावणं अ‍ॅमेझॉनवर विक्रेत्याला बंद आहे. म्हणजे धमकी तिनं दिली आणि नियम मोडणारे तुम्ही ठरलात, वर तुमचाच तो मेसेज स्क्रीनशॉट होऊन ग्रुपवर फिरणार.

धमकीचा मेसेज मात्र डिलीट करू नका, तारीख वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट काढून ठेवा. तुम्ही ईबे किंवा एअरबीएनबी सारख्या ठिकाणी काही विकत किंवा भाड्यानं देत असाल तर तिथे रिव्ह्यूचा धाक दाखवून कबूल नसलेल्या गोष्टी मागणं हेच नियमाविरुद्ध आहे, आणि मेसेज त्यांच्याच अ‍ॅपमध्ये आलेला असेल तर दाखवायला सोपं जातं. म्हणून कोणी "व्हॉट्सअ‍ॅपवर बोलू" म्हटलं तरी पैशाचं बोलणं अ‍ॅपमध्येच ठेवा. फोनवर बोलायला हरकत नाही, उलट चिडलेला माणूस आवाज ऐकला की निम्मा शांत होतो, पण फोन ठेवल्यावर "आपलं असं ठरलं" म्हणून दोन ओळी लेखी पाठवायच्या.

आणि मिस्टरांचं म्हणणं अगदीच मोडीत काढू नका हं. रक्कम किरकोळ आहे, तुमचे चार दिवस यातच जाणार आहेत, तर पैसे देऊन मोकळं होणं हा सुद्धा धंद्याचाच हिशोब आहे. फक्त देताना "शिवण सुटली म्हणून" द्या, मेसेजमध्ये तेच कारण लिहा. घाबरून दिलेत आणि ते तिला कळलं, तर पुढच्या वेळी मागणी वाढलेली असते.

हे सगळं करूनही ती वन स्टार टाकू शकते बरं का. ते आपल्या हातात नाही. मग काय करायचं ते खालच्या प्रश्नात आलंय.

प्रश्न : माझा फोटो एडिटिंगचा छोटा बिझनेस आहे. एकानं वन स्टार देऊन लिहिलंय की "फ्रॉड आहेत, पैसे घेतले काम केलं नाही, फोन उचलत नाहीत." साफ खोटं! काम वेळेत दिलंय, तीनदा करेक्शन करून दिलंय, त्याचे "थँक्यू" चे मेसेज आहेत माझ्याकडे. मला सगळे स्क्रीनशॉट त्या रिव्ह्यूखाली लावून त्याचं पितळ उघडं पाडायचंय. मित्र म्हणतात आम्ही दहा जण फाइव्ह स्टार टाकतो, खाली जाईल तो. – वैतागलेला

उत्तर : राग बरोबर आहे, उपाय दोन्ही चुकीचे.

मित्रांचं आधी. तुमच्याकडून काम करून न घेतलेल्या माणसांचे रिव्ह्यू हे खोटे रिव्ह्यू, गूगलच्या नियमात ते बसत नाहीत, पकडले गेले तर काढले जातात. आणि एकाच आठवड्यात दहा जणांनी "एक्सलंट सर्व्हिस" लिहिलेलं वाचणाऱ्याला कळतं हो, लोक येडे नसतात. त्यांना त्या एका वन स्टारपेक्षा हे जास्त खटकतं. शिवाय सगळं फाइव्ह स्टार असलं म्हणजे विक्री वाढते असंही नाही. नॉर्थवेस्टर्न युनिव्हर्सिटीच्या स्पीगल रिसर्च सेंटरनं २०१७ मध्ये ऑनलाइन खरेदीचा अभ्यास केला होता, त्यात विकत घेण्याची शक्यता सगळ्यात जास्त साधारण ४.० ते ४.७ रेटिंगला दिसली, पाचच्या जवळ गेल्यावर उलट कमी झाली. म्हणजे एखादा कडू रिव्ह्यू बाकीच्या गोड रिव्ह्यूंना खरेपणा देतो. हे आत्ता तुम्हाला पटणार नाही, माहितीय.

आता स्क्रीनशॉट. त्याचं नाव, नंबर, फोटो, खाजगी बोलणं चारचौघात टाकलंत की तिसऱ्या माणसाच्या मनात एकच विचार येतो, उद्या माझं यांच्याशी वाजलं तर माझं पण असंच टाकतील. आणि तुम्ही तर लोकांचे घरगुती फोटो हाताळता! भरवसा हाच तुमचा माल आहे.

उत्तर मात्र नक्की द्या, एकदाच द्या, आणि ते त्याच्यासाठी लिहू नका. तो बदलणार नाहीये. सहा महिन्यांनी तुमचं नाव शोधून कोणी अनोळखी माणूस त्या रिव्ह्यूपाशी थांबेल, तो वाचणार आहे. असं काहीतरी :

"नमस्कार, तुम्ही समाधानी नाही याचं वाईट वाटतं. आमच्या नोंदीप्रमाणे फाइल्स ठरलेल्या तारखेला पाठवल्या होत्या आणि त्यानंतर तीन वेळा बदलही करून दिले. तरी काही राहिलं असेल तर ऑर्डर नंबर घेऊन आमच्या ईमेलवर लिहा, दोन दिवसांत बघतो."

बस. "फ्रॉड" हा शब्द उत्तरात परत लिहू नका, "खोटं बोलताय" पण नको. उत्तर देण्यानं काय होतं यावर डाविडे प्रोसर्पिओ आणि जॉर्जिओस झर्व्हास यांचा हॉटेलांवरचा अभ्यास आहे, २०१७ मध्ये छापून आलेला. ट्रिपअ‍ॅडव्हायझरवर ज्या हॉटेलांनी रिव्ह्यूंना उत्तरं द्यायला सुरुवात केली त्यांना १२ टक्के जास्त रिव्ह्यू आले आणि रेटिंग ०.१२ स्टारनं वाढलं. वाढ दिसायला बारीक आहे, पण त्यामागचं कारण मजेशीर आहे. मालक उत्तर देतो हे दिसलं की उगाच दोन ओळींची शिवी घालून जाणारे कमी होतात, जे टीका करतात ते नीट सविस्तर लिहितात.

रिपोर्ट करायचा का? करा, पण आशा मोजकीच ठेवा. शिवीगाळ, दुसऱ्याच धंद्याबद्दलचा मजकूर, खाजगी माहिती, कधी गिऱ्हाईकच नसलेल्यानं टाकलेला रिव्ह्यू, असं असेल तर नियमात बोट दाखवता येतं. "काम केलं नाही" विरुद्ध "केलं" अशा भांडणात गूगल पडत नाही, ते तसं सरळ सांगतात. नुकसान खरंच मोठं असेल, खोट्या आरोपामुळे कामं हातची जात असतील, तर वकिलाला विचारा, पण आधी हे शांतपणे लिहिलेलं उत्तर तिथे असू दे. वकिलाची नोटीस पाठवल्यावर लोक तीच नोटीस अपलोड करतात, आणि जे पन्नास जणांनी वाचलं असतं ते पाच हजार जण वाचतात.

प्रश्न : मी पेजवर मोठ्या अक्षरात "नो रिफंड" लिहून ठेवू का, म्हणजे हा विषयच संपला? – एक वाचक

उत्तर : संपत नाही. खराब किंवा सांगितल्यापेक्षा वेगळी निघालेली वस्तू असेल तर बहुतेक देशांच्या ग्राहक कायद्यात गिऱ्हाईकाला हक्क असतात आणि नुसत्या पाटीनं ते जात नाहीत. त्यापेक्षा खरे नियम लिहा : किती दिवसांत कळवायचं, वस्तू कुठल्या अवस्थेत हवी, कुरिअरचा खर्च कोणाचा, मापानं करून घेतलेल्या वस्तूचं काय. पाच-सहा ओळी पुरे. आणि त्या पैसे भरायच्या आधी दिसल्या पाहिजेत, बिलाच्या मागच्या बाजूला बारीक टायपात नाही.

प्रश्न : एका विद्यार्थ्याला ऑनलाइन कोर्सचे पैसे परत हवे होते. त्यानं कार्डनं भरले होते, पण "कार्ड बंद झालंय, दुसऱ्या खात्यात टाका" म्हणाला म्हणून टाकले. आता बँकेकडून नोटीस की त्यानं चार्जबॅक केलाय, ते पैसे पण कापले गेले. म्हणजे मी दोनदा दिले का? – कोर्सवाला

उत्तर : आत्ता तरी हो, पण अजून लढता येतं. चार्जबॅक म्हणजे कार्डवाल्यानं बँकेला सांगायचं की हा व्यवहार मला मान्य नाही, मग पैसे तुमच्या खात्यातून काढले जातात आणि तुम्हाला पुरावे द्यायला ठरावीक मुदत मिळते. नोटीसवरची शेवटची तारीख बघा, ती गेली की संपलं. पुराव्यात दुसऱ्या खात्यात पैसे टाकल्याची पावती, "दुसऱ्या खात्यात टाका" हा त्याचा मेसेज, त्यानं कोर्सला लॉगिन केल्याची नोंद, आणि भरताना त्याला दिसलेले रिफंडचे नियम, हे सगळं एकाच फाइलमध्ये तारखेच्या क्रमानं लावून पेमेंट कंपनीला द्या. लांबलचक कहाणी लिहू नका, तपासणारा माणूस कागद बघतो.

पुढच्यासाठी, ज्या कार्डावरून आले त्याच कार्डावर परत, मग कोणी काहीही कारण सांगो. कार्ड बंद झालं असलं तरी रिफंड बहुतेक वेळा त्या बँकेपर्यंत पोचतो आणि पुढचं बँक बघते. आणि चार्जबॅक आधीच पडलेला असेल तर वेगळा रिफंड करू नका, त्या केसमध्येच "मान्य आहे" असं उत्तर द्या. व्हिसासारख्या कार्डांवर बऱ्याच प्रकारच्या तक्रारींसाठी मुदत १२० दिवसांची असते, तेव्हा कोर्स संपून तीन महिने झाले म्हणून चॅट आणि लॉगिनच्या नोंदी उडवू नका.