बालविवाह रोखणाऱ्या कामाला देणगी द्यायची आहे, ती नेमकी कशासाठी द्यावी?

तुम्ही मूळचे मराठवाड्याचे, आता अमेरिकेत राहता, आणि मुलींचे बालविवाह व शोषण थांबवणाऱ्या कामाला दरवर्षी काही रक्कम द्यायची आहे. मांडवात जाऊन लग्न थांबवणाऱ्या संस्थेला द्यावी की दुसऱ्या कशाला, असा तुमचा प्रश्न आहे. मी बीड जिल्ह्यात ऊसतोड कुटुंबांतल्या मुलींसोबत काम करते. माझं मत स्पष्ट आहे: पैसे गावातल्या कार्यकर्तीच्या पगाराला द्या, आणि आठवीनंतरच्या मुलींच्या राहण्या-शिकण्याला द्या.

लग्न थांबवण्याची यंत्रणा सरकारची आहेच. २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्याखाली आपल्याकडे गावात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. १०९८ या मुलांच्या मदत क्रमांकावर फोन गेला की तो, पोलीस आणि बाल संरक्षण कक्षाची माणसं पोहोचतात, आईवडिलांकडून हमीपत्र लिहून घेतात, मुलीला बालकल्याण समितीपुढे नेतात. हे व्हायलाच हवं. पण पुष्कळदा त्याच मुलीचं लग्न पुढे मामाच्या किंवा आत्याच्या गावी, पत्रिका न छापता, रात्रीतून उरकलं जातं. लग्न का ठरलं होतं ते कारण जागच्या जागी असतं ना!

कारण असं. दिवाळीच्या सुमारास आईबाप टोळीबरोबर कारखान्यावर जातात ते पाच-सहा महिन्यांसाठी. वयात आलेली मुलगी गावात एकटी कुणाच्या भरवशावर ठेवायची? सोबत न्यावी तर तिथे राहायला कोपी, म्हणजे तात्पुरती झोपडी, तिला दार नाही, शौचालय नाही, अंधारात पाण्याला जायचं. शिवाय ऊसतोडीत नवराबायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरांची एक जोडी, धरला जातो, त्यामुळे लग्न झालं की मुकादमाकडून (मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून) जोडीने उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मिळते. लहान मुलीला हुंडा कमी लागतो, हेही आहेच. या बापांना मी जवळून पाहते. मुलीचं वाईट व्हावं असं त्यांना मुळीच वाटत नसतं, ते घाबरलेले असतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. बीडमध्ये तो आकडा ४३.७ आणि परभणीत ४८ टक्के होता.

सरकारची हंगामी वसतिगृहं आहेत, पण ती मुख्यतः आठवीपर्यंतच्या मुलांसाठी. धोका नेमका त्यापुढे सुरू होतो. एसटीचा पास मुलींना बारावीपर्यंत फुकट आहे, पण वस्तीवर एसटीच येत नाही. म्हणून नववी ते बारावीच्या मुलींसाठी सुरक्षित खोली, दोन वेळचं जेवण आणि देखरेखीला गावातलीच एक भरवशाची बाई, एवढी सोय झाली तरी घरातलं लग्नाचं बोलणं पुढे ढकललं जातं.

गावातल्याच बाईच्या भरवशावर काय होऊ शकतं, ते पैठण तालुक्यातल्या पाचोडच्या संस्थेने मोठ्या प्रमाणावर करून दाखवलं आहे. १९९० च्या दशकाच्या शेवटी त्यांनी किशोरींसाठी संध्याकाळी तासाभराचे जीवनकौशल्याचे वर्ग सुरू केले. शिकवणाऱ्या गावातल्याच, थोड्या शिकलेल्या बायका. काही वर्षांत त्या गावांत मुलींचं लग्नाचं मध्यक वय (निम्म्या मुलींची लग्नं ज्या वयापर्यंत होतात ते) १६ वरून १७ वर आलं. एक वर्ष तुम्हाला थोडं वाटेल. सोळाव्या वर्षी बाळंत होणाऱ्या मुलीसाठी ते फार मोठं आहे.

अडचण अशी, की देणगीदारांना पगारासाठी पैसे द्यायला नको वाटतं. दप्तरं, सायकली, शिबिरं यांना मिळतात. पण आई ऊसतोडीला गेल्यावर मुलीने मनातलं जिला सांगावं अशी बाई गावात वर्षानुवर्षं टिकायला हवी. काकाने अंगाला हात लावला हे कुठलीही मुलगी शिबिरात सांगत नाही. ज्या ताईला दोन वर्षं ओळखते तिला सांगते. ही ताई प्रकल्प संपला म्हणून मार्चमध्ये घरी बसली, तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. म्हणून एकदाच मोठी रक्कम देण्यापेक्षा तीन-चार वर्षं सलग देईन असं लिहून द्या.

संस्थेला विचारा: थांबवलेल्या लग्नातली मुलगी सहा महिन्यांनी कुठे आहे? उत्तर नसेल तर पुढे जाऊ नका. आणि वाचवलेल्या मुलीचा चेहरा किंवा नाव पत्रकावर छापणाऱ्यांना एक रुपयाही देऊ नका. बाल न्याय कायद्यात तो गुन्हा आहे, आणि त्या मुलीला त्याच गावात राहायचं असतं.

पैसे पाठवण्याबद्दल: तुमचा पासपोर्ट अजून भारतीय असेल तर स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेली देणगी परकीय मानली जात नाही. अमेरिकन नागरिकत्व घेतलं असेल तर ओसीआय कार्ड असूनही ती परकीय ठरते, आणि एफसीआरए, म्हणजे परकीय देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेलाच देता येते. २०२० च्या दुरुस्तीनंतर असे पैसे एका संस्थेला दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाहीत, त्यामुळे मोठ्या संस्थेमार्फत लहानीला पोहोचवू हा विचार सोडा. भारतात राहणारा भाऊ किंवा बहीण स्वतःच्या पैशातून द्यायला तयार असेल, तर लहान संस्थेला त्यांनी द्यावं.

देणार असाल तर सप्टेंबरपर्यंत द्या. टोळ्या निघाल्यावर खोली शोधायला उशीर झालेला असतो.