व्हाइट कुटुंबावरची डॉक्युमेंटरी: रक्तातच वाईट असतं का कुणी?

प्रश्न: नमस्कार. मित्राच्या आग्रहामुळे 'द वाइल्ड अँड वंडरफुल व्हाइट्स ऑफ वेस्ट व्हर्जिनिया' बघितली. अख्खं खानदान मारामाऱ्या, नशेच्या गोळ्या आणि जेल यातच. मित्र पोट धरून हसत होता, मला मात्र कसंतरीच झालं. असली घराणी रक्तातच बिघडलेली असतात का हो? (एक वाचक, सातारा)

उत्तर: कसंतरीच झालं ना, मग तुम्ही फिल्म नीट बघितलीत. २००९ ची आहे ती, ज्युलियन निट्झबर्गने अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यातल्या बून काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखंच) या व्हाइट आडनावाच्या कुटुंबाच्या मागे कॅमेरा घेऊन केलेली, त्यामुळे दिसतं ते खरंच आहे. पण रक्ताचं म्हणाल तर अजिबात नाही! हे मी जोर देऊन सांगतोय कारण आपल्याकडे इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या, तो कायदा जायला १९५२ उजाडलं आणि पारध्यांच्या पोरांकडे लोक आजही त्याच नजरेने बघतात.

बून काउंटी म्हणजे कोळशाच्या खाणींचा मुलूख. तिथे एके काळी पगार डॉलरमध्ये नाही तर कंपनीच्या स्वतःच्या टोकनमध्ये मिळायचा, ते चालायचं फक्त कंपनीच्या दुकानात, घरही कंपनीचंच, म्हणजे माणूस खाली खाणीत राबून वर येतो तेव्हाही कंपनीच्याच मुठीत. शेजारच्या लोगन काउंटीत ब्लेअर माउंटनवर १९२१ मध्ये हजारो खाणकामगार बंदुका घेऊन उतरले होते, शेवटी फौज आणावी लागली. अशा ठिकाणी कायदा आपला नाही, मालकाचा आहे असं लोकांना वाटू लागलं तर नवल काय. घरातला कर्ता डी. रे व्हाइट, तोही खाणीत राबलेला. पण त्याने पोरांना मानसिक आजारी दाखवून सरकारी पैसे सुरू करून घेतले. चुकीचंच होतं ते, पण बाप असं का करतो याचं उत्तर त्या खाणीत आहे. १९८५ मध्ये त्याला गोळी घालून मारलं.

आता नशेच्या गोळ्यांचं बघा. ऑक्सिकॉन्टिन हे वेदनाशामक १९९६ मध्ये बाजारात आलं, व्यसन लागायचा धोका कमी म्हणून विकलं गेलं. खाणीत पाठी मोडलेल्या माणसांचा प्रदेश, तिथे ते किती खपलं असेल? २००७ मध्ये ते बनवणाऱ्या औषध कंपनीने दिशाभूल केल्याचं कोर्टात कबूल केलं. पुढे त्याच राज्यातल्या चार्ल्स्टन शहराच्या एका वर्तमानपत्राने आकडे बाहेर काढले, वेस्ट व्हर्जिनियाची लोकसंख्या १८ लाखांच्या आसपास आणि सहा वर्षांत तिथे आलेल्या अशा गोळ्या ७८ कोटी! आता तो सीन आठवा, हॉस्पिटलच्या खोलीत नुकतंच जन्मलेलं बाळ आणि आई गोळीची पूड नाकाने ओढतेय, पुढे सरकारी खातं ते बाळ घेऊन जातं. ती आई दोषी आहेच, पण ट्रकच्या ट्रक गोळ्या पाठवणारे कुठल्याच सीनमध्ये नाहीत, आणि माझी या फिल्मबद्दल मोठी तक्रार हीच आहे. खाणीचा इतिहास ती दोन मिनिटांत उरकते आणि परत धिंगाण्याकडे वळते. निर्मात्यांमध्ये 'जॅकास' या जिवावरच्या माकडचेष्टांच्या टीव्ही कार्यक्रमवाली मंडळी आहेत, त्यामुळे कॅमेऱ्याला धिंगाणाच जास्त आवडणार. त्यातही ती म्हातारी आई बर्टी मे, स्वतःची एवढी पोरं आणि वर दुसऱ्यांचीही वाढवलेली, तिच्या वाढदिवसाला घरात चाललेली नशा बघताना मला तरी हसू आलं नाही.

प्रश्न: यातला नाचणारा मुलगा कोण? त्याच्याबद्दल अजून कुठे बघायला मिळेल? (एक वाचक, नागपूर)

उत्तर: तो जेस्को, डी. रेचा मुलगा. हा त्या डोंगराळ भागातला नाच, बुटांना लोखंडी पट्ट्या, पायाखाली लाकडी फळी, बॅन्जोच्या सुरावर टाचा अशा आपटायच्या की पायच वाद्य होतात. बाप यात फार मोठा कलावंत होता, लोकनृत्यावरच्या एका माहितीपटात त्याचे पाय चित्रित झालेत. जेस्को तेच बापाकडून शिकला. त्याच्यावर १९९१ मध्ये तिथल्या सार्वजनिक टीव्हीसाठी जेकब यंगने 'डान्सिंग आउटलॉ' केली, छोटीशीच आहे. माझं ऐकाल तर ती आधी बघा, मग २००९ वाली. त्यात नशा आहे, घरातली भांडणं आहेत, गायक एल्व्हिस प्रेस्लीचं वेडही आहे, पण माणूस आधी नाचणारा म्हणून भेटतो आणि बदनाम नंतर. लहान मुलांना मात्र दोन्हीपैकी एकही दाखवू नका.