बोर्डावर एकच नाव, आत सात जण

सीए ऑफिसच्या कामाबद्दल आलेल्या पत्रांतले चार प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न: आमची चोपड्याला जिनिंग (कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना) आहे. हिशोबाचं काम जळगावच्या एका लहान फर्मकडे. सीए साहेब एकच, हाताखाली सहा-सात जण. फोन कायम स्टाफच उचलतो. ही माणसं किती शिकलेली असतात? त्यांच्या शब्दावर चालायचं का?

उत्तर: अशा ऑफिसात बहुधा बी.कॉम. किंवा एम.कॉम. झालेला, दहा-पंधरा वर्षं टॅलीवर बसलेला एक सीनियर असतो. सोबत आर्टिकलशिप (सीए होण्यासाठीची सक्तीची उमेदवारी) करणारी एक-दोन मुलं आणि बिलं चढवणारे नवखे. रिटर्न, टीडीएस, ताळेबंदाचा मसुदा हे सगळं यांच्याच हातून होतं आणि त्यात गैर काही नाही. टॅक्स ऑडिटच्या रिपोर्टवर आणि सीएच्या दाखल्यावर सही मात्र प्रॅक्टिसचं प्रमाणपत्र असलेल्या सीएचीच लागते. सीएची इंटर (मधली परीक्षा) पास झालेला सीनियर कितीही हुशार असला तरी ती सही त्याची चालत नाही.

शब्दावर चालायचं का, हे त्याच्या पदवीवरून कळणार नाही. त्याला तुमचा धंदा कळतो का ते पाहा. जिनिंगवाल्याने एवढंच विचारावं: "आमची कापूस खरेदी किती लेजरमध्ये (खात्यांत) घेता?" उत्तर 'एकाच' आलं तर सावध व्हा. किमान तीन हवीत. शेतकऱ्याकडून घेतलेल्या कापसावर ५ टक्के जीएसटी रिव्हर्स चार्जने, म्हणजे विकणाऱ्याऐवजी घेणाऱ्याने, असा जिनिंगलाच भरावा लागतो आणि तोही जीएसटी पोर्टलवरच्या कॅश लेजरमधून, म्हणजे रोख. क्रेडिट लेजरला (खरेदीवर आधी भरलेल्या कराची जमा) कितीही शिल्लक असली तरी ती इथे वळती होत नाही. १ लाखाच्या कापसाला ५,००० रुपये असे भरले की त्याच महिन्याच्या ३बी मध्ये (जीएसटीचं रिटर्न) त्यांचं क्रेडिट घेता येतं. नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याच्या बिलात जीएसटी आधीच लागलेला असतो, तिथे रिव्हर्स चार्ज नाही. खेडा खरेदी करून माल आणणारा बिननोंदणीचा व्यापारी म्हणजे शेतकरी नव्हे. त्याचं लेजर तिसरं.

ऐन हंगामात काटापट्ट्यांचा (वजनाच्या पावत्यांचा) गठ्ठा समोर आला की नवखा मुलगा फक्त नाव आणि रक्कम बघतो आणि सगळं 'कापूस खरेदी'त टाकून मोकळा होतो. मग व्यापाऱ्याच्या मालावर दुसऱ्यांदा कर जातो, नाहीतर शेतकऱ्याच्या मालावर जातच नाही. ही दुसरी चूक वर्षअखेर सापडली तर १८ टक्क्यांनी व्याज. रोखीचंही तसंच. एका दिवसात एकाच माणसाला १०,००० रुपयांच्या वर रोख दिली की तो खर्च आयकरात नामंजूर होतो. शेतकऱ्याला त्याने स्वतः पिकवलेल्या मालाचे दिले तर सूट आहे, व्यापाऱ्याला दिले तर नाही. म्हणून शेतकऱ्याच्या काटापट्टीला सातबाऱ्याची झेरॉक्स टाचूनच पाठवा. हे काम तुमच्या दिवाणजीचं. ऑफिसातला मुलगा जळगावात बसून कोण शेतकरी आणि कोण व्यापारी हे ओळखणार कसं?

आणि साहेबांना भेटायचंच असेल तर जुलैत जा. टॅक्स ऑडिटची मुदत एरवी ३० सप्टेंबर असते. त्या महिन्यात 'साहेब कामात आहेत' हे बहुतेक वेळा खरंच असतं.

प्रश्न: धुळ्याच्या बँकेने आमचा ताळेबंद 'यूडीआयएन जुळत नाही' म्हणून परत केला. सही-शिक्का तर आमच्या सीएचाच आहे.

उत्तर: शिक्का कोणीही बनवून घेतं, म्हणून २०१९ पासून यूडीआयएन, म्हणजे सीएने सही केलेल्या प्रत्येक कागदाचा वेगळा ओळख क्रमांक, सक्तीचा झाला. तो १८ अंकी-अक्षरी असतो: पहिले दोन अंक वर्षाचे, पुढचे सहा सीएच्या सभासद क्रमांकाचे, उरलेले दहा संगणकाने दिलेले. मधले सहा अंक सहीखालच्या सभासद क्रमांकाशी ताडून पाहा, मग सीए इन्स्टिट्यूटच्या यूडीआयएन पोर्टलवर नंबर टाका. तिथे नंबर काढताना भरलेले उलाढालीसारखे ठळक आकडेही दिसतात. बँक नेमके तेच पाहते. नंबर काढल्यावर स्टाफने स्टॉकचा आकडा दुरुस्त करून नवी प्रिंट दिली आणि नंबर जुनाच ठेवला, असं पुष्कळदा होतं. तेव्हा सीएने जुना नंबर रद्द करून नवा काढावा. पेनाने आकडा खोडून भागत नाही.

प्रश्न: आमच्या पतसंस्थेचं ऑडिट भुसावळच्या फर्मकडे आहे. येतो तो मुलगा जीडीसी अँड ए (सहकार आणि हिशोबाची सरकारी पदविका) झालेला. चालतं का?

उत्तर: तपासणीला येणं चालतं, अहवालावर सही करणं नाही. परीक्षा पास झाली म्हणजे लेखापरीक्षक झाला असं नव्हे. सहकार खात्याच्या नामिकेवर (लेखापरीक्षकांच्या मान्य यादीत) नाव हवं. सीएलाही हेच लागू. त्या नामिकेतूनच सर्वसाधारण सभेने ठराव करून नेमणूक करायची आणि आर्थिक वर्ष संपल्यापासून चार महिन्यांत, म्हणजे ३१ जुलैपर्यंत, ऑडिट उरकायचं. ठरावात फर्मचं नाव नामिकेतल्यासारखंच लिहा.

प्रश्न: मुलगी बी.कॉम. आहे. अमळनेरच्या सीए ऑफिसात दोन वर्षं नोकरी झाली. ती आर्टिकलशिपमध्ये धरतील का?

उत्तर: नाही. नोकरी वेगळी, आर्टिकलशिप वेगळी. १ जुलै २०२३ पासूनच्या नव्या योजनेत इंटरचे दोन्ही ग्रुप सुटल्यावरच आर्टिकलशिप सुरू होते आणि ती दोन वर्षांची आहे. तिला बी.कॉम.ला ५५ टक्के असतील तर फाउंडेशन (सीएची पहिली परीक्षा) न देता थेट इंटरला नाव नोंदवता येईल. आर्टिकलशिपच्या आधी संगणक आणि ओरिएंटेशनचे कोर्स करावे लागतात. रुजू झाल्यापासून ३० दिवसांच्या आत फॉर्म १०३ (आर्टिकलशिपच्या नोंदणीचा) इन्स्टिट्यूटकडे गेला पाहिजे. 'फॉर्म मागून भरू' असं ऑफिसने म्हटलं तर थांबू नका, महिना संपायच्या आत स्वतः मागे लागून भरून घ्या. किती आर्टिकल ठेवता येतात हे सीएच्या प्रॅक्टिसच्या वर्षांवर ठरतं, त्यामुळे लहान फर्ममध्ये जागा मोजक्याच. इंटरचा निकाल लागला की त्याच आठवड्यात जळगाव-धुळ्याकडे विचारणा सुरू करा.