खड्डे घेण्याआधी वाफसा बघा

प्रश्न : ताई, लातूरला आमचं नवं घर बांधून झालं. कंपाउंडच्या भिंतीलगत १२ फूट लांब, ८ फूट रुंद जागा मोकळी आहे. दिवसभर ऊन असतं. माती काळी, पावसात चिखल, उन्हात दगड. तुळशीपलीकडे मी काही लावलेलं नाही. पहिल्या पावसाबरोबर भाजीची आणि फुलांची रोपं आणून लावू का?

उत्तर : रोपं आणायची घाई नको. आधी फूटभर खणून बघा. नव्या घराशेजारी विटांचे तुकडे, सिमेंटचा माल पुरलेला असतोच. तो सगळा वेचून काढा. आपल्या काळ्या मातीत चुनखडी मुळातच असते, त्यात सिमेंटची भर पडली की पानं पिवळी पडतात, आणि खत घालूनही झाड उभारी धरत नाही.

खरी गोष्ट वाफशाची, म्हणजे माती ना चिखल ना दगड, कुदळ मारण्याजोगी होण्याची. ओल्या काळ्या मातीत कुदळ मारली, तिच्यावरून चाललात, की ती थापल्यासारखी घट्ट बसते. पाऊस उघडल्यावर दोन-तीन दिवस थांबा. चार बोटं खालची मूठभर माती दाबून गोळा करा आणि कमरेइतक्या उंचीवरून सोडा. गोळा भुगभुगीत फुटला तर वाफसा आला. तसाच राहिला तर अजून थांबा. हे थांबणं जड जातं, पण तिथेच बाग घडते.

भिंतीपासून फूटभर जागा सोडा. मग तीन फुटी वाफा, फूटभर वाट, पुन्हा तीन फुटी वाफा. वाफा तीनच फुटांचा, म्हणजे दोन्हीकडून हात पोचतो आणि आत पाय द्यावा लागत नाही. वाटेतली माती वाफ्यावर ओढून वीतभर उंच गादीवाफा करा, पाणी साचणार नाही. वाळू मिसळायला कोणी सांगेल, ऐकू नका. काळी माती शेणखतानेच मोकळी होते. एका वाफ्याला दहा-बारा घमेली लागतील.

पण शेणखत पूर्ण कुजलेलं हवं. मी पहिल्या वर्षी गोठ्यातलं ताजं शेण घातलं होतं. ऑगस्टमध्ये मिरचीची रोपं उभी सुकली. उपटून पाहिली तर मुळं कुरतडलेली आणि मातीत हुमणीच्या पांढऱ्या अळ्या. फार वाईट वाटलं होतं. कुजलेल्या खताला शेणाचा वास येत नाही, हातात ते चहापत्तीसारखं भुरभुरतं.

पहिल्या वर्षी भेंडी आणि गवार लावा. भेंडीचं बी रात्रभर भिजवून फूट-फूट अंतरावर दोन-दोन टोका. दीड महिन्यात पहिली भेंडी हाती येते. दुसऱ्या वाफ्यात चार वांगी, चार मिरच्या, कडेने झेंडू. जुलैत लावलात तर दसऱ्याच्या तोरणापुरती फुलं घरची निघतील. मेथी-कोथिंबीर भर पावसात सडते. भेंडी काढल्यावर, थंडीत ती त्याच वाफ्यात पेरा.