हळूहळू ओस पडत चाललेल्या एखाद्या बेटावरची वस्ती आणि तिथले प्राणी फोटोंमधून टिपून ठेवायचे असतील, तर सुरुवात कशी करावी?

मी नोकरीमुळे जपानमध्ये ओसाकात राहते. एहिमे प्रांतातल्या आओशिमा बेटावर आजवर चार वेळा जाऊन फोटो काढलेत, त्या अनुभवावरून लिहिते.

आओशिमा ‘मांजरांचं बेट’ म्हणून जगभर गाजलं. लांबी दीडएक किलोमीटर. नागाहामा बंदरातून बोटीने ३५ मिनिटं लागतात. दिवसाला दोनच फेऱ्या, एका फेरीत ३४ माणसं, आणि समुद्र खवळला की तीही बंद. बेटावर दुकान नाही, राहायची सोय नाही. पाणी आणि डबा घेऊन जायचं, कचरा परत आणायचा.

पहिल्या खेपेला बोट धक्क्याला लागताच मांजरं पायात आली आणि मी दिवसभर त्यांचेच फोटो काढत राहिले. घरी येऊन पाहिलं, तर एकाही फोटोवरून हे बेट आहे असं कळत नव्हतं. कुठल्याही गल्लीतली मांजरं वाटावीत असे फोटो.

म्हणून माझं पहिलं सांगणं हेच की तो प्राणी तिथे का आहे, हे फोटोत यायला हवं. आओशिमाचे लोक इवाशी पकडायचे, म्हणजे आपली तारली म्हणा. उंदीर जाळी कुरतडायचे, म्हणून मांजरं आणली. १९४५च्या सुमारास तिथे नऊशेच्या आसपास माणसं होती. पुढे मासेमारी खालावली, तरुण कामधंद्यासाठी शहरात गेले, शाळा बंद झाली. माणसं गेली, मांजरं वाढत राहिली. २०१८ साली माणसं १३ उरली होती आणि मांजरं दोनशेच्या वर. उरलेले सगळे वयस्कर, आपल्यामागे यांना खायला कोण घालणार ही काळजी. त्याच वर्षी मांजरांची सरसकट नसबंदी झाली. आज माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत आणि मांजरंही म्हातारी झालीत.

नसबंदी झालेल्या मांजराच्या कानाचं टोक थोडं कापतात. जपानीत त्याला ‘साकुरा-मिमी’ म्हणतात, चेरीच्या पाकळीसारखा कान. मी आता तो कान स्पष्ट दिसेल असाच फोटो घेते. पन्नास वर्षांनी कुणी पाहिला, तर ही शेवटची पिढी होती हे त्या एका खाचेवरून कळेल. गोंडस पिल्लांचे जुने फोटो नेटवर हजारो आहेत, त्यांत भर घालायची गरज नाही.

दुसरं, जागा ठरवा आणि दर खेपेला तिथेच उभे राहा. धक्का, देवळाची पायरी, एखादं घर. माझ्या पहिल्या फोटोत एका घराचं छप्पर शाबूत आहे, तिसऱ्यात मधोमध खचलंय, चौथ्यात आत झाड दिसतं. हा बदल मी आठवणीवर सोडला असता, तर मलाच खरा वाटला नसता. प्रत्येक फोटोची तारीख आणि जागा त्याच रात्री लिहून ठेवा. हे काम कंटाळवाणं आहे, पण तेवढ्यासाठी टाळू नका.

पडक्या घरातही परवानगीशिवाय शिरू नका, त्याचा मालक कुठेतरी असतो. माणसांचे चेहरे विचारूनच घ्या. मांजरांना खाऊ फक्त ठरवून दिलेल्या जागीच घाला, नाहीतर निस्तरायचं काम तिथल्या म्हाताऱ्यांवर पडतं.

आणि फोटो छापून परत न्या. मोबाइलवर दाखवणं वेगळं. तिसऱ्या खेपेला मी घरांचे छापील फोटो तिथल्या एका आजींच्या हातात दिले. त्यांनी चष्मा लावला, एकेक फोटो उलटा केला आणि पेन्सिलने मागे त्या त्या घराचं आडनाव लिहिलं. अकरा फोटोंमागे लिहिलं. दोन घरं कुणाची, ते त्यांनाही आठवेना. माझ्याकडच्या त्या दोन फोटोंची मागची बाजू अजून कोरीच आहे.