जुनी एमजीबी ट्रॅकवर उतरवताना : वाचकांचे प्रश्न

या वेळी एकाच गाडीबद्दल इतकी पत्रे आली की सदर तिलाच द्यावे लागले. १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमध्ये ॲबिंग्डनला बनलेली एमजीबी ही स्पोर्ट्स कार तिकडच्या क्लब रेसिंगमध्ये आजही जोमाने पळते. सुटे भाग मिळतात, इंजिन साधे आहे, त्यामुळे पहिली रेसकार म्हणून निवड चांगलीच. मात्र बहुतेक पत्रे सुरू होतात ती कार्ब्युरेटरपासून. आम्ही उत्तरे उलट्या क्रमाने देत आहोत, कारण पैसेही त्याच क्रमाने खर्च व्हायला हवेत.

प्रश्न : १९७१ची रोडस्टर घेतली आहे. रंग नवा, पत्रा वरून छान. आधी ट्रॅक डे, दोन वर्षांनी रेस असा बेत आहे. सुरुवात कुठून करू? — एक वाचक, कॉव्हेंट्री

नियमपुस्तकापासून. ज्या मालिकेत उतरायचे तिचे नियम वाचल्याशिवाय एकही भाग विकत घेऊ नका. १९६६पूर्वीच्या गाड्यांच्या शर्यतीत तुमची १९७१ची गाडी बसणार नाही. क्लबच्या मालिकांतही वर्गागणिक टायर, कार्ब्युरेटर, वजन यांचे नियम वेगळे असतात. दोन वर्षांनी रेस करायचीच आहे, तर पिंजरा (गाडी उलटली तर चालकाला वाचवणारा नळ्यांचा सांगाडा, रोल केज) आजच त्या नियमांनुसार बनवा. एकच काम दोनदा करणे सगळ्यात महाग पडते.

मग सांगाडा. या गाडीला वेगळी चासी नाही, पत्र्याचे कवचच सगळा भार पेलते. रोडस्टरला छप्पर नसल्याने दाराखालच्या सिलवर तर सगळी भिस्त. हा सिल म्हणजे एक पत्रा नव्हे. बाहेरची पट्टी, मधला उभा पत्रा, आतली पट्टी आणि खाली खाचाखाचांचा कॅसल रेल मिळून पेटी होते. विक्रीसाठी सजवलेल्या गाडीत बऱ्याचदा सडक्या पेटीवर फक्त नवी बाहेरची पट्टी चढवलेली असते. दार बंद करून त्याच्या मागच्या कडेची फट वर आणि खाली मोजा. वर चिंचोळी, खाली रुंद असेल तर गाडी मध्यात खचली आहे. कॅसल रेलच्या खाचांत स्क्रूड्रायव्हर दाबून पाहा. घुसला तर पेटी कापावीच लागेल.

कापण्याआधी दाराच्या चौकटीत, बिजागऱ्यांच्या खांबापासून लॉकच्या खांबापर्यंत, २५ मिमीची चौकोनी नळी आडवी वेल्ड करा. गाडीचे वजन सस्पेन्शनवरच असू द्या. दोन टोकांना स्टँड लावलेत तर मध्य खचतो आणि तो खचलेलाच वेल्ड होतो. एका वेळी एकच बाजू करा. प्रत्येक पत्रा टाके मारून बसवला की दाराची फट मोजा, मगच पूर्ण वेल्ड करा.

पिंजरा यानंतर. एफआयए या मोटरस्पोर्टच्या जागतिक संघटनेच्या नियमानुसार मुख्य कमानीला ओढीव, बिनजोड स्टीलची ४५ × २.५ किंवा ५० × २ मिमीची नळी लागते, बाकीच्या नळ्यांना ३८ × २.५ किंवा ४० × २ मिमी चालते. पिंजऱ्याच्या प्रत्येक पायाखालच्या पट्टीची जाडी निदान ३ मिमी, क्षेत्रफळ १२० चौरस सेंमी आणि बोल्ट कमीत कमी तीन, एम-८, ८.८ ग्रेडचे. ती पट्टी नुसत्या तळाच्या पातळ पत्र्यावर ठेवू नका. काटकोनात वळवून सिलच्या आतल्या भिंतीवर चढवा, नाहीतर गाडी उलटली तर पिंजऱ्याचा पाय तळ फोडून खाली जातो.

प्रश्न : पुढची व्हील बेअरिंग नवी टाकली. मेकॅनिकने दोन बेअरिंगमधली नळी ‘हिची गरज नाही’ म्हणून काढून टाकली. आता ट्रॅकवर वळण संपले की ब्रेकचे पेडल खोल जाते, दुसऱ्यांदा दाबले की वर येते. ऑइल उकळते आहे का? — एक वाचक, लेस्टर

गाडी चालवणे आजच थांबवा. ती नळी, म्हणजे स्पेसर, अत्यंत गरजेची आहे. नट आवळला की दोन्ही बेअरिंगच्या आतल्या कड्या, स्पेसर आणि शिम (पातळ चकत्या) मिळून एक घट्ट दांडा होतो आणि चाक ज्यावर फिरते त्या बारीक स्टब ॲक्सलला जोर येतो. स्पेसर नसेल तर वळणावरचा सगळा बाक ॲक्सलच्या मुळाशी येतो. तिथे तडा जातो आणि चाक ॲक्सलसकट निघून येते. तुमचे दोन्ही ॲक्सल आता भेगांची तपासणी केल्याशिवाय वापरू नका. रेसकारसाठी नवे घेतलेले बरे.

पेडलचे कारणही बहुधा हेच. हब डुलतो, डिस्क तिरकी होते आणि पॅड मागे ढकलते. पुढच्या वेळी ती पोकळी भरण्यात पेडल खर्ची पडते. ऑइल उकळले असते तर हा त्रास चार-पाच जलद फेऱ्यांनंतर सुरू झाला असता आणि पेडल स्पंजसारखे लागले असते. तरी ब्रेक ऑइल बदलाच. डॉट ४ दर्जाचे ऑइल ताजे असताना निदान २३० अंश सेल्सिअसला उकळते, ओल शोषल्यावर ही मर्यादा १५५पर्यंत उतरते. सिलिकॉनचे डॉट ५ ट्रॅकसाठी नको.

बेअरिंग बसवताना आधी शिमशिवाय, पण स्पेसरसह, हब जड फिरू लागेपर्यंत नट आवळा, म्हणजे बाहेरच्या कड्या जागेवर पूर्ण बसतात. मग खोलून स्पेसर आणि बाहेरच्या बेअरिंगच्या मध्ये भरपूर शिम घाला, नट आवळा आणि डायल गेजने हबची आत-बाहेर हालचाल मोजा. हवी ती २ ते ४ थाउ (इंचाचा हजारावा भाग), म्हणजे ०.०५ ते ०.१० मिमी. समजा २० थाउचे शिम घातले आणि डायल १३ दाखवते, तर १० थाउचा शिम काढा, उरतात ३. शिम ३, ५ आणि १० थाउचे मिळतात. नटचा टॉर्क ४० ते ७० फूट-पाउंड. स्प्लिट पिनचे भोक जुळत नसेल तर याच मर्यादेत पुढे आवळा, मागे सैल करू नका. मोजमाप ग्रीस न लावता करा, ग्रीस डायलला फसवते. शिम ठरले की खोलून ग्रीस भरा.

प्रश्न : लांब वळणात ऑइल प्रेशर ६०वरून २०वर येते, सरळ रस्त्यावर परत चढते. पंप गेला का? — एक वाचक, बर्मिंगहॅम

पंप गेला असता तर सरळ रस्त्यावरही प्रेशर कमीच राहिले असते. ऑइल इंजिनाखालच्या चेंबरमध्ये एका बाजूला चढते आहे. वळणाचा जोर १ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाइतका, झाला की ऑइलचा पृष्ठभाग ४५ अंशांनी तिरका होतो, सक्शनची जाळी उघडी पडते आणि पंप हवा ओढतो. काटा पडतो तेवढ्या वेळात बिग एंड बेअरिंगची झीज होते. जाळीभोवती आत उघडणाऱ्या झडपांची पेटी असलेला चेंबर बसवा, ऑइल आत येते, बाहेर जात नाही. जास्त ऑइल भरणे हा उपाय नव्हे. क्रँक ते घुसळतो आणि फेस होतो. तोवर काटा पडला की थ्रॉटल सोडा.

प्रश्न : ताकद कशी वाढवू? आणि कोल्हापूरला भावाकडे अँबॅसडरचे जुने पेट्रोल इंजिन पडून आहे, त्याचा क्रँक चालेल का? — एक वाचक, लंडन

क्रँक चालणार नाही. दोन्ही इंजिने बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) या कंपनीच्या बी-सीरिजची, स्ट्रोकही सारखाच, ८८.९ मिमी. पण अँबॅसडरचे १४८९ सीसी इंजिन तीन मेन बेअरिंगचे आहे आणि एमजीबीचे १७९८ सीसी इंजिन १९६४च्या अखेरीपासून पाच बेअरिंगचे झाले. विमानभाडे वाचवा.

ताकदीसाठी बोअर ६० थाउने वाढवला की १८६८ सीसी होतात, पण खरा फरक हेडच्या कामाने पडतो. पहिला-दुसरा आणि तिसरा-चौथा सिलिंडर एकेका इनलेट पोर्टवर भागीदारीत आहेत. फायरिंग ऑर्डर १-३-४-२ असल्याने जोडीतले दोघे लागोपाठ श्वास घेतात आणि मिश्रण विषम वाटले जाते. सायलेन्सरमधला मिश्रण मोजणारा एकच सेन्सर चौघांची सरासरी दाखवतो, म्हणून जेट ठरवताना चारही प्लग काढून रंग पाहा. नव्या कॅमबरोबर टॅपेटही नवेच घाला, जस्तयुक्त ऑइल वापरा आणि इंजिन पहिल्यांदा सुरू होताच २० मिनिटे २००० ते २५०० आरपीएमवर ठेवा. आयडलवर सोडलेत तर कॅमचे उंचवटे तिथेच खरवडले जातात.

प्रश्न : कट-ऑफ स्विच बॅटरीच्या तारेवर लावला, तरी इंजिन चालूच राहते. — एक वाचक, रीडिंग

बॅटरी तुटली तरी अल्टरनेटर इग्निशनला वीज पुरवतो. जादा संपर्क असलेला मोटरस्पोर्टचा स्विच घ्या. त्याच्या एका जोडीतून इग्निशनची तार न्या, दुसरीतून अल्टरनेटरची वीज रेझिस्टरमार्गे अर्थला जाऊ द्या. मग ३००० आरपीएमवर स्विच फिरवून बघा, इंजिन तत्क्षणी बंद पडले पाहिजे.