उंदराने लघवी केली, की उंदराला लघवी झाली?

देवगडच्या एका विज्ञान शिक्षिका मुलांसाठी उंदराच्या मूत्राशयावर टिपण लिहीत आहेत. ‘केली’ लिहू की ‘झाली’, असे त्यांनी विचारले आहे.

दोन्ही रूपे शुद्ध आहेत, पण एकीच्या जागी दुसरी चालत नाही. आधी ‘लागणे’ पाहू. मूत्राशय भरून त्याची भिंत ताणली की श्रोणी चेतेतून (ओटीपोटातल्या मज्जातंतूतून) मज्जारज्जूला वर्दी जाते. इथे उंदीर काहीच करत नाही, म्हणून लघवी ‘उंदराला’ लागते. मग ती धरून ठेवायची: मूत्राशयाचा स्नायू सैल, आणि मूत्रमार्गाभोवतीचा परिसंकोची स्नायू आवळलेला. तो आवळते पुडेंडल चेता. पुढे मस्तिष्कस्तंभातल्या बॅरिंग्टन केंद्रकाचा, म्हणजे लघवी सोडायला लावणाऱ्या चेतापेशींच्या पुंजक्याचा, हुकूम सुटला की मूत्राशय आकुंचन पावते. वास सोडून हद्द आखणारा उंदीर लघवी ‘करतो’, यात मला शंका नाही.

युरेथेनची भूल दिलेल्या उंदराचे मूत्राशयही भरले की रिकामे होते. तिथे ‘झाली’च हवे. मज्जारज्जू वरच्या बाजूला तुटला तर लघवी आधी ‘तुंबते’, पोट दाबून काढावी लागते. साधारण दोनेक आठवड्यांत मज्जारज्जूतच नवी प्रतिक्षिप्त क्रिया रुजते आणि लघवी आपोआप ‘होऊ’ लागते. तीही पुरती नाही, कारण मूत्राशय आकुंचन पावताना परिसंकोची स्नायूही आवळतो आणि बरीच लघवी आत राहते.

‘धार’ हा शब्द मात्र टिपणातून काढावा. माणसाचा परिसंकोची स्नायू लघवीच्या वेळी सैल पडून राहतो, म्हणून धार लागते. उंदराचा तोच स्नायू सेकंदाला साधारण ४ ते ८ वेळा आवळतो-सुटतो, आणि लघवी तुटक तुटक उडते. त्याला आपल्याकडे ‘चिळकांडी’ हा नेमका शब्द आहे, तो वापरावा.

राहिले ‘मुतणे’. मालवणीत ‘उंदीर मुतलो’ म्हणतात. तिथे ‘ने’ नाही की ‘ला’ नाही, त्यामुळे केली-झालीचा पेचच पडत नाही. वर्गात हा शब्द अवघड वाटत असेल तर सोडा. पण भातलावणीच्या दिवसांत लेप्टोचे (उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या रोगाचे) पत्रक काढाल तेव्हा ‘उंदरांच्या मूत्रविसर्जनामुळे दूषित’ असे लिहू नका. ‘उंदीर मुतलेल्या चिखलात अनवाणी उतरू नका, पायाला जखम असेल तर मुळीच नाही’ असे लिहा.